अंड्याचा निरख : पुण्यातील एका कुक्कुटपेढीचा इतिहास

नाशवंत जिन्नस पिकविणाऱ्याच्या विपन्नावस्थेचे मूळ शोधू गेल्यास असे आढळते की, माल हाती आल्याबरोबर तो विकून टाकणे त्याला भाग असते, आणि म्हणून ज्याच्यापाशी थांबण्याची ऐपत आहे त्याने सांगितलेला भाव त्याला मुकाट्याने पत्करावा लागतो. कांदा असो, टोमॅटो असो वा दूध असो, या व्यवहारात पिकविणारा घाम गाळतो आणि निरख मात्र दुसराच ठरवितो, हा आपल्या बाजारपेठांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. या शिरस्त्याला ज्यांनी देशव्यापी प्रमाणावर छेद दिला आणि आपल्या मालाचा भाव दररोज आपणच जाहीर करण्याची प्रथा पाडली, ते उत्पादक म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे शेतकरी होत. आणि या घडामोडीच्या केंद्रस्थानी ज्या कुटुंबाची पेढी उभी होती, त्या राव कुटुंबाच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्य ठाणे आपल्या पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. या पेढीचा वृत्तान्त केवळ एका घराण्याच्या भरभराटीचा नसून भारतातील अर्वाचीन कुक्कुटपालनाच्या स्थित्यंतराचाही आहे, म्हणून तो थोड्या विस्ताराने सांगणे अगत्याचे वाटते.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास आपल्या खेड्यांतून कोंबडी होती, परंतु कुक्कुटपालनाचा धंदा असा नव्हता. दिवसभर उकिरड्यावर आणि खळ्यात दाणे टिपणाऱ्या, सांजेला डालग्याखाली झाकल्या जाणाऱ्या पाचदहा गावठी कोंबड्या, वर्षाकाठी एकेकीची साठसत्तर अंडी, त्यांतली काही खुडूक कोंबडीखाली बसविण्यासाठी राखून ठेवलेली आणि उरलेली बाजारच्या दिवशी पाटीत भुसा घालून नेलेली, एवढाच त्या व्यवहाराचा पसारा होता. त्यातून मिळणारा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या गाठीचा असे. तीच तेलमिठाची आणि सणावाराच्या बांगडीची तरतूद होती. मानमोडीची साथ आली म्हणजे ही तरतूद आठवडाभरात नाहीशी होई. या मानमोडीलाच पशुवैद्य राणीखेत म्हणतात. १९५०-५१ साली साऱ्या देशाचे वार्षिक उत्पादन अवघे १८३ कोटी अंड्यांचे होते. म्हणजे माणशी वर्षाला जेमतेम पाच अंडी पडत होती.

हा पसारा बदलण्याचा आरंभ सरकारी खात्यांनी केला, ही गोष्ट आज विस्मृतीत जाऊ नये. इटलीतील लेगहॉर्न बंदराच्या नावाने ओळखली जाणारी शुभ्र पिसांची आणि शुभ्र अंड्यांची कोंबडी मिशनऱ्यांनी व सरकारी प्रक्षेत्रांनी इकडे आणली. राणीखेतीवरची लस आपल्या पशुवैद्यक संशोधकांनी सिद्ध केली. मुंबईच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचे कुक्कुट पैदास प्रक्षेत्र उभे राहिले आणि पुण्यात खडकीला अंडी उबवणी केंद्र चालू झाले. पुढे बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर आणि लहान शेतकऱ्यांसाठी विकासयोजना निघाल्यावर कोंबड्यांच्या शेडसाठी कर्ज मिळू लागले. अशा रीतीने भूमी तयार झाली होती. उणीव होती ती उत्तम जातीची, निरोगी, एक दिवसाची पिल्ले हव्या त्या संख्येने आणि हव्या त्या दिवशी शेतकऱ्याच्या दारी पोचविणाऱ्या एखाद्या देशी पेढीची.

ती उणीव भरून काढणारे गृहस्थ म्हणजे बंडा वासुदेव राव. १९३५ साली जन्मलेल्या या तेलुगू भाषक उद्योजकाने पत्नी उत्तरादेवी यांच्या साहाय्याने हैदराबादच्या परिसरात लहानसे कुक्कुटगृह काढून या धंद्याची मुळाक्षरे गिरविली, आणि १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज या पेढीची स्थापना केली. घरच्या दैवताचे नाव पेढीला देणे ही आपल्याकडील जुनी व्यापारी रीत. परंतु जो धंदा त्यांनी आरंभिला त्यात दैवावर हवाला ठेवण्यास फारशी जागा नव्हती, हे उबवणी केंद्राच्या आत पाऊल टाकताच ध्यानात येते.

एका कोंबडीच्या पोटाखाली दहाबारा अंडी मावतात. येथे कपाटाएवढ्या आणि खोलीएवढ्या यंत्रांतून हजारो अंडी एकाच वेळी साडेसदतीस अंश उष्णतेत ठेवलेली असतात. खुडूक कोंबडी आपल्या चोचीने अंडी अधूनमधून फिरविते. येथे तेच काम यंत्र तासातासाला ट्रे कलते करून बजाविते, नाहीतर आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटून मरतो. मधल्या काळात अंडी दिव्यासमोर धरून पारखली जातात आणि ज्यांत जीव धरलेला नाही ती बाजूला काढली जातात. अठराव्या दिवशी ती दुसऱ्या यंत्रात जातात आणि एकविसाव्या दिवशी कवचे फुटतात. पिल्लू वाळून पिवळे धमक दिसू लागले की जाणकार कारागीर त्याचे शेपटीखालचे अंग क्षणभर उलगडून नर की मादी याचा निवाडा करतो. जपानी शास्त्रज्ञांनी प्रचारात आणलेली ही विद्या हस्तगत व्हायला दीर्घ सराव लागतो. मादी पिल्लांना लस टोचली जाते, ती पेट्यांत भरली जातात, आणि अंड्यातला बलक शेवटच्या क्षणी पोटात ओढून घेतलेला असल्यामुळे दाणापाण्याविना दोनतीन दिवसांचा प्रवास ती सहन करू शकतात. निसर्गाच्या या एका सोयीवर साऱ्या जगातील पिल्लांचा व्यापार उभा आहे; तिच्यामुळेच कुठल्याही एका ठिकाणी जन्मलेले पिल्लू शेकडो कोसांवरच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये जिवंत पोचू शकते.

पिल्ले उबविणे हे मात्र या उद्योगाचे केवळ शेवटचे अंग आहे. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी कोंबडी ही अनेक शुद्ध वंशांच्या हिशेबी संकरातून निर्माण होते. शुद्ध वंश, त्यांतून पणजी, पणजीतून आजी, आजीतून माता आणि मातेपासून शेतकऱ्याच्या घरी जाणारी लेक, अशी ती उतरंड असते. या शेवटच्या लेकीची अंडी उबविली तर तिचे गुण पुढच्या पिढीत तसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून प्रत्येक खेपेला शेतकऱ्याला नव्या पिल्लांसाठी पैदासकाराकडेच यावे लागते. शुद्ध वंश ज्याच्या ताब्यात, धंद्याची किल्ली त्याच्या हातात, हे वासुदेवरावांनी फार लवकर ओळखले. त्यांनी अमेरिकेतील बॅबकॉक या ख्यातनाम पैदासगृहाशी करार करून अंड्यांच्या कोंबडीचे वंश इकडे आणले आणि येथील उष्ण हवा, येथील मका व पेंड आणि येथील रोगराई यांना तोंड देईल असा निवडीचा क्रम चालविला. त्यातून बीव्ही-३०० या नावाने ओळखली जाणारी कोंबडी पुढे आली. मांसल कोंबडीसाठी त्यांनी कॉब या, मुळात तशाच एका कुटुंबाने चालविलेल्या, अमेरिकन पैदासगृहाशी संबंध जोडला, आणि व्हेनकॉब हे नाव खाटकाच्या दुकानापर्यंत परिचित झाले. उत्तर हिंदुस्थानातील मागणी भागविण्यासाठी १९७६ साली वेस्टर्न हॅचरीज ही कंपनी निघाली. तीच आज व्हेंकीज (इंडिया) या नावाने शेअरबाजारात ओळखली जाते.

१९७०-७१ साली देशात ६१७ कोटी अंडी झाली होती. १९८०-८१ साली ती १,००६ कोटींवर गेली. परंतु उत्पादनाच्या या वाढीबरोबर उत्पादकाची सत्ता वाढली नाही. अंड्यांचा निरख मोठ्या शहरांतील मूठभर घाऊक व्यापारी ठरवीत. शेतकऱ्याची स्थिती अशी की कोंबडी कोणासाठी थांबत नाही. श्रावणात, नवरात्रात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी लोक अंडे वर्ज्य करतात म्हणून ती अंडी देण्याचे थांबवीत नाही, आणि तिचा खुराक तर एक दिवसही चुकविता येत नाही. उन्हाळ्यात आठवडाभर ठेवलेले अंडे बिघडू लागते. अशा वेळी माल उचलणारा दलाल जो भाव सांगेल तो खरा, आणि फूटतूट म्हणून जी कपात करील तीही खरी. व्यापारी मंदीत स्वस्त माल घेऊन शीतगृहात भरून ठेवू शकत होता. शेतकऱ्यापाशी शीतगृहही नव्हते आणि धीरही नव्हता. १९८१ च्या सुमारास मक्यापेंडीचे दर चढले असता अंड्याचा भाव उत्पादनखर्चाच्याही खाली कोसळला, आणि उत्पादकांच्या संघटनेने पुढे सांगितल्याप्रमाणे देशातील सुमारे ४० टक्के कुक्कुटगृहे बंद पडली. ज्यांनी बँकेचे कर्ज काढून शेड बांधले होते त्यांच्या मागे तगादे लागले आणि चांगल्या तरण्या, अंडी देणाऱ्या कोंबड्या मांसाच्या भावाने खाटकाला विकण्याची पाळी अनेकांवर आली.

या प्रसंगी वासुदेवराव आणि त्यांच्याबरोबर काही उत्पादक शेतकरी देशाच्या दौऱ्यावर निघाले. गावोगावी कुक्कुटपालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तीनशेहून अधिक बैठका त्यांनी घेतल्या, असा संघटनेचा वृत्तान्त आहे. त्यांची मसलत साधी होती: अंडी पुष्कळ झाली म्हणून भाव पडतो हे अर्धे सत्य असून, प्रत्येक उत्पादक एकाकी पडून शेजाऱ्याच्या खाली भाव उतरवितो म्हणून तो कोसळतो, हे दुसरे अर्धे सत्य आहे, तेव्हा प्रत्येक भागातील उत्पादकांनी दररोज एकमेकांशी विचारविनिमय करून आपल्या केंद्राचा शेकडा भाव जाहीर करावा, आणि त्याखाली कोणी विकू नये. परस्परांना अपरिचित, भिन्नभाषक आणि बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या शेतकऱ्यांना हे पटविणे किती दुर्घट असेल याची कल्पना, ज्याने सहकारी सोसायटीची एक तरी वार्षिक सभा पाहिली आहे, त्याला सहज येईल. तथापि ते पटले. १९८२ साली नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे सर्वतोमुखी झालेली ‘नेक’, स्थापन झाली. ‘माझे अंडे, माझा भाव, माझे जीवन’ या अर्थाची तिची घोषणा होती, आणि तिचेही मुख्य कार्यालय पुण्यातच आले.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. पिल्ले विकणाऱ्या पेढीच्या धन्याने अंडी विकणाऱ्यांच्या भावासाठी एवढी पायपीट का करावी? याचे उत्तर त्या उतरंडीत आहे, जिचे वर्णन वर केले. शेतकऱ्याचे शेड बंद पडले की पुढच्या खेपेची पिल्ले घेणारा माणूस नाहीसा होतो. गिऱ्हाईक बुडाले की पेढीही बुडते. हा स्वार्थ होता, यात संशय नाही. परंतु असाच स्वार्थ असणारे पुष्कळ व्यापारी गिऱ्हाइकाच्या अडचणीच्या काळात उधारीची वसुली कडक करतात आणि बुडत्या धंद्यातून अंग काढून घेतात. वासुदेवरावांनी आपल्या स्वार्थाची व्याप्ती शेवटच्या शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन भिडविली, आणि आमच्या मते हीच त्यांची थोरवी होय. कुटुंबाच्या मालकीच्या पेढीला हे सुचणे अधिक स्वाभाविक होते, कारण तिच्या धन्याचा विचार पुढच्या पिढीच्या मुदतीचा असतो.

नुसत्या भाव जाहीर करण्याने बाजार हलत नाही, हेही या मंडळींना ठाऊक होते. म्हणून ॲग्रोकॉर्पेक्स ही जोडसंस्था उभी करून मंदीत बाजारातला जादा माल उचलावा, तो शीतगृहात ठेवावा आणि भाव सावरावा, अशी योजना करण्यात आली. जे हत्यार आजवर व्यापाऱ्याच्या हाती होते तेच उत्पादकाने हाती घेतले. दुसऱ्या बाजूने मागणी वाढविण्याचा उद्योग आरंभला गेला. रविवार असो वा सोमवार, अंडे रोज खावे असे बजावणारी हिंदी जाहिरात दूरदर्शनवरून घराघरांत पोचली, आणि अंडे हा आजाऱ्याचा पथ्याचा वा पैलवानाच्या खुराकाचा जिन्नस न राहता साध्या गृहस्थाच्या न्याहारीचा पदार्थ होऊ लागला. कोंबड्याच्या संगाविना झालेल्या निर्जीव अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही, तेव्हा जो दूध घेतो त्याला असे अंडे घेण्यास हरकत नसावी, असे खुद्द महात्मा गांधींनी आपल्या आरोग्यविषयक पुस्तकात नमूद केले होते. शाकाहाराच्या वादात हा दाखला वारंवार पुढे येतो. १९९०-९१ साली देशाचे उत्पादन २,११० कोटी अंड्यांवर पोचले, म्हणजे १९८०-८१ नंतरच्या दशकात ते दुपटीहून अधिक झाले. संघटनेचे सभासद आज पंचवीस हजारांहून अधिक आहेत, आणि पुणे, मुंबई, हैदराबाद, नामक्कल, बरवाला अशा केंद्रांचे शेकडा भाव रोज सकाळी व्यापारी आणि उत्पादक दोघेही पाहतात. तो भाव सुचविलेला असतो, सक्तीचा नसतो. प्रत्यक्ष सौदे कधी त्याच्या वर तर कधी खाली होतात. परंतु वाटाघाटीचा आरंभ उत्पादकाच्या आकड्यापासून होतो, आणि भावाच्या व्यवहारात पहिला आकडा कोणी उच्चारला याला मोठे महत्त्व असते.

पेढीच्या वाढीबरोबर तिने विद्येचीही काही तजवीज केली. पुण्याजवळ लोणी काळभोर येथे कुक्कुटरोगांच्या निदानाचे आणि संशोधनाचे केंद्र आहे. उरुळी कांचन येथे, जेथे गांधीजींचा निसर्गोपचार आश्रम आणि मणिभाई देसाईंची बाएफ संस्था यांनी लोकसेवेची परंपरा निर्माण केली होती, तेथेच वासुदेवरावांच्या नावाची कुक्कुट व्यवस्थापनाची शिक्षणसंस्था आहे. लसनिर्मितीसाठी लागणारी रोगजंतुमुक्त अंडी, कोंबड्यांची औषधे, खाद्य, तयार मांसपदार्थ, अशा एकेक शाखा फुटत गेल्या. १९९० साली भारत सरकारने वासुदेवरावांना पद्मश्री दिली. १९९६ साली, एकसष्टी पुरी होण्याच्या आसपास, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे कन्या अनुराधा देसाई यांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी यांनी त्यांच्यासमवेत कारभार वाहिला. ज्या काळात व्यापारी घराण्यांची वारसाहक्काची चर्चा मुलग्यांपाशीच संपत असे, त्या काळात हजारो शेतकऱ्यांशी व्यवहार असलेल्या एवढ्या पसाऱ्याची सूत्रे कन्येच्या हाती आली, ही घटना आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. पुरंदर तालुक्यात केतकावळे येथे या समूहाने बांधलेले, तिरुपतीच्या धर्तीचे बालाजी मंदिर आज हजारो मराठी भाविकांचे यात्रास्थान झाले आहे.

नव्या पिढीपुढे कसोटीचे प्रसंगही आले. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव जाहीर झाला. गुजरातच्या सीमेवरील या गावाने कोंबडीपालनावर आपला संसार उभा केला होता; तेथे सरकारी पथकांनी पांढरे पोशाख चढवून लाखो पक्षी मारून पुरले, आणि नवापूरपासून शेकडो कोसांवर, जेथे रोगाचा लवलेशही नव्हता तेथेसुद्धा, गिऱ्हाइकाने अंड्याकडे पाठ फिरविली. भावाची संघटना व्यापाऱ्याशी झुंज देऊ शकते. लोकांच्या मनातील भीतीशी झुंज देण्यास ती अपुरी पडते, हे त्या वर्षी सर्वांना कळून चुकले. पुढे २०१० साली या कुटुंबाने इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला फुटबॉल संघ विकत घेतला. परंतु दोनच वर्षांत तो तेथील सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला, आणि कोंबडीच्या धंद्यातील पारंगतता दुसऱ्या धंद्यात आपोआप उतरत नाही, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

इतिहासकाराने जमेबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे. अंड्याच्या स्वस्ताईमागे पिंजऱ्यांच्या रांगा आहेत, ज्यांत कोंबडीला पंख पुरते पसरता येत नाहीत. अंड्यांच्या जातीची नर पिल्ले निरुपयोगी म्हणून जन्मदिनीच नष्ट केली जातात. आणि डालग्याखालच्या कोंबडीबरोबर खेड्यातल्या बाईच्या गाठीचा पैसाही आटला आहे. हे देणे एकट्या पेढीचे नसून स्वस्त अंडे खाणाऱ्या आपणा सर्वांचे आहे. दुसरी एक गोष्ट याहून बोधप्रद आहे. मांसल कोंबडीच्या धंद्यात, मुख्यतः कोइमतूर भागातून, नव्वदीच्या दशकापासून करार पद्धत पसरली: पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, आणि शेतकऱ्याला वजनावर पोसणावळ. त्यात भाव कोसळण्याची जोखीम त्याच्या डोक्यावरून बरीचशी उतरली, हे खरे. परंतु भाव सांगण्याचा अधिकारही गेला, आणि स्वतःच्याच शेडमध्ये तो रोजंदारीसारखा झाला. अंड्याच्या उत्पादकाने जोखीम पत्करून आपला अधिकार राखला. एकाच पक्ष्याच्या दोन जातींनी दोन प्रकारचे शेतकरी घडविले.

२०२२-२३ साली देशात १३,८३८ कोटी अंडी झाली. माणशी वर्षाला सुमारे शंभर. वैद्यकीय तज्ज्ञ १८० ची शिफारस करतात, म्हणजे अजून मार्ग पुष्कळ उरला आहे. राव कुटुंबाची मंदिरे, कारखाने आणि फुटबॉलचा संघ यांची चर्चा पुढेही होत राहील; परंतु वासुदेवरावांची चिरस्थायी कामगिरी कोणती असे विचारल्यास, विखुरलेल्या उत्पादकांना एका आकड्यावर एकत्र आणण्याचे त्यांचे १९८१-८२ मधील कार्य हेच तिचे उत्तर आहे. महाराष्ट्रातील कांदा उत्पादकाने, टोमॅटो रस्त्यावर ओतावे लागणाऱ्या शेतकऱ्याने आणि दुधाच्या दरासाठी दर वर्षी आंदोलन करणाऱ्या गवळ्याने हा इतिहास अवश्य अभ्यासावा. जो जिन्नस उन्हाळ्यात आठवडाभरातच बिघडू लागतो त्याच्या उत्पादकांनी जे साधले, ते चार महिने टिकणाऱ्या कांद्याला असाध्य असण्याचे काही कारण नाही. त्यासाठी गावोगावी जाऊन तीच गोष्ट तीनशे वेळा सांगण्याची चिकाटी मात्र कोणी तरी दाखविली पाहिजे.